प्रथम क्रमांकाची गाय

सत्कार झाला तेव्हा त्या गाईच्या मानेवरची सूज लिंबाएवढी होती, आणि तिच्याकडे पाहून टाळ्या वाजवणाऱ्या साऱ्या गावात त्या सुजेचा अर्थ ठाऊक असलेली मी एकटीच होते. हा प्रसंग मी आजवर दोन परिषदांच्या चहाच्या सुट्टीत सांगितला आहे. दोन्ही वेळा लोक पोट धरून हसले, आणि दोन्ही वेळा मी शेवटचा भाग गाळला. इथे तो गाळणार नाही.

माझे काम गुरांमधल्या क्षयरोगाचे. पशुवैद्यकाची पदवी घेतल्यावर दवाखाना काढण्याऐवजी मी प्रयोगशाळा निवडली, याचे आमच्या दौंडच्या घरात अजूनही कुणाला पुरते पटलेले नाही. त्या वर्षी माझ्या शिष्यवृत्तीला मुदतवाढ मिळायची होती. त्यासाठी शिरूर तालुक्यातल्या एका तरी गावातली सगळी संकरित जनावरे तपासून, स्वच्छ आणि निर्विवाद नोंदी समितीपुढे ठेवायच्या होत्या. न्हावऱ्याच्या पुढे, उसाच्या आणि कांद्याच्या पट्ट्यातले एक गाव मी निवडले. तिथल्या दूध संस्थेच्या चेअरमननी फोनवर माझे म्हणणे पुरते ऐकूनही न घेता होकार दिला. मला वाटले, विज्ञानावर विश्वास असलेला माणूस भेटला.

चाचणी सोपी आहे. गाईच्या मानेवरचे थोडे केस भादरायचे, तिथल्या कातडीची घडी चिमटीत धरून कॅलिपरने तिची जाडी मोजायची, आणि क्षयाच्या जंतूंपासून काढलेल्या, पण स्वतः निर्जीव असलेल्या प्रथिनाचा एक थेंब कातडीच्या आत सोडायचा. मग बाहत्तर तास थांबायचे. ज्या शरीराची त्या जंतूंशी आधीच ओळख झालेली असते, ते शरीर चिडते आणि कातडी सुजते. ज्याची ओळख नसते, त्याला काहीच होत नाही. म्हणजे या परीक्षेत काहीही न होणे हेच उत्तीर्ण होणे. हे शेवटचे वाक्य मी सोमवारी सकाळी गावासमोर उच्चारले नाही. माझ्या अहवालात चुकांसाठी वेगळे प्रकरण असते, तर त्यात पहिली नोंद ही झाली असती.

दुसरी नोंद संमतिपत्राची. 'चाचणीचा निष्कर्ष संबंधित पशुमालकास, फक्त त्यासच, व एकांतात सांगितला जाईल,' हे कलम मी स्वतः लिहिले होते. एखाद्या गोठ्यात क्षय आहे हे गावभर झाले, तर त्या घरच्या दुधाचे आणि माणसांचे काय होते, याचा मी विचार केला होता. माझ्या मार्गदर्शकांनी त्या कलमाचे खास कौतुकही केले होते. मात्र तसा एकांत गावात कुठे मिळतो, याचा विचार आम्हा दोघांपैकी एकानेही केला नव्हता.

सोमवारी सकाळी संस्थेच्या आवारातल्या खोड्यापुढे सत्तावीस गाई रांगेत उभ्या होत्या. खोडा म्हणजे जनावराला हलता येऊ नये म्हणून उभारलेली लोखंडी चौकट. मालक मात्र कुरबुर करत होते. दूध कमी होईल का, गाय गाभ टाकेल का, हा नवाच काय प्रकार, असे एकामागून एक प्रश्न येत होते. अकराच्या आत सगळी जनावरे संपवायची, असे माझे वेळापत्रक होते. मी घाईने म्हणाले, "लहानपणी आपल्या दंडावर लस टोचतात ना, तसंच आहे हे."

कुरबुर तत्क्षणी थांबली. चेअरमननी सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत सारली आणि दंडावरचा व्रण सर्वांना दाखवला.

"ही बघा. कशी लागली व्हती! तवाच मास्तर म्हणलेलं, हे पोरगं फुडं जाणार."

मग बाह्या सारण्याची लाटच उसळली. कुणाचा व्रण मोठा, कुणाचा वाटोळा, कुणाचा बशीसारखा खोल, याची तपासणी सुरू झाली. आप्पा नावाने सर्वांना परिचित असलेले एक गृहस्थ तेवढे हाताची घडी घालून उभे होते.

"आप्पा, तुमची दाखवा की."

"माझी लागलीच न्हवती. दोनदा टोचली."

"म्हणून तर दोनदा पडला सोसायटीच्या इलेक्शनला!"

आवार हसण्याने दणाणले, आणि मी त्या हशाला संमती समजले. खरे तर तिथे एक सिद्धान्त मांडला जात होता. टोचल्यावर सुजले की 'लागली', न सुजले की फुकट गेली. माझ्यासमोर, माझ्याच उदाहरणाच्या आधारे, माझ्या चाचणीचा अर्थ नेमका उलटा ठरवला जात होता, आणि मी सुई भरत होते.

आबांची गाय एकोणिसावी. आबांचे घराणे पूर्वी मेंढरे घेऊन फिरणारे. वडिलांच्या काळात ते या गावात स्थिरावले आणि आता मेंढरांच्या जागी तीन गाई होत्या. त्यांतली काळ्या ठिपक्यांची ही गाय सर्वांत दुधाळ. ती आबांच्या मागून येत नसे, म्हणून तिला त्यांची सून घेऊन आली होती. या वहिनींना सहावा महिना होता. त्यांनी एका हाताने दावे धरले होते आणि दुसरा हात गाईच्या पाठीवर ठेवला होता. गाय त्या हाताखाली दगडासारखी स्थिर होती.

माझ्या प्रश्नावलीत अकरावा प्रश्न होता: घरात कुणी न उकळलेले दूध पिते का?

"पिते की," आबा अभिमानाने म्हणाले. "ही सून. सकाळ-संध्याकाळ पेलाभर निरसं दूध, धार काढली की लगीच. ह्याच गाईचं. मी सोता उभा राहतो."

"उकळून का नाही?"

"उकळल्यावर त्यात काय ऱ्हातंय, पोरी? समदा जीव वाफंबरोबर जातो."

वहिनी माझ्याकडे पाहत होत्या. मी चौकटीत बरोबरची खूण केली आणि बारावा प्रश्न विचारला. त्या खुणेचे मला त्या क्षणी फक्त समाधान वाटले. अशी उत्तरे दुर्मीळ असतात आणि समितीला आवडतात.

बुधवारी दुपारी, मी दौंडच्या घरी सादरीकरणाची पाने जुळवत असताना चेअरमनांचा फोन आला.

"मॅडम, उद्या जरा नीटनेटकं या. छोटासा कार्यक्रम ठेवलाय. सत्काराचा."

"कशाला उगाच," मी म्हणाले. असे म्हणायचे असते, म्हणून. नंतर मी कपाटातला बरा सलवार-कुडता काढला आणि 'हा सन्मान माझा नसून संपूर्ण चमूचा आहे' या वाक्याचा सराव केला. चमू म्हणजे मी आणि बर्फाची पेटी.

गुरुवारी सकाळी स्कूटीने केडगाव ओलांडले, भीमेवरचा पूल पार केला आणि गावाच्या फाट्यावर करकचून ब्रेक दाबला. फाट्यावर फ्लेक्स होता. मध्यभागी आबांची गाय. तिच्या डोक्यामागे सोनेरी किरणे. डावीकडे हात जोडलेले चेअरमन, आकाराने गाईपेक्षा किंचित मोठे. खालच्या कोपऱ्यात, कुठून मिळवला देव जाणे, माझा पदवीदान समारंभातला फोटो. वर लाल अक्षरांत मजकूर: 'क्षयरोग चाचणीत संपूर्ण गावात प्रथम क्रमांक पटकावल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!'

मी तो तीनदा वाचला. वाचनात चूक सापडेल, अशी आशा होती.

काय झाले असावे, हे उलगडायला फाट्यावरून संस्थेपर्यंतचा रस्ता पुरला. मंगळवारी संध्याकाळी आबांच्या गाईला सूज दिसली. बातमी पसरली. लोक आपापल्या गाईची मान चाचपून आले आणि हिरमुसले. सत्तावीस गाईंत एकीलाच 'लागली' होती. ज्या गावात म्हैस व्याली तरी फ्लेक्स लागतो, तिथे पुढची पायरी ठरलेली होती.

आवारात मंडप उभा होता. हलगीवाले तोंडात तंबाखू धरून तयार होते. मी कुणाशी न बोलता खोड्याकडे गेले आणि कॅलिपर काढला. आधी नोंदी, मग बाकी सारे, असा मी मनाशी निश्चय केला. पहिल्या पाच गाई जशाच्या तशा. सहावी आप्पांची. तिच्या मानेवर भली मोठी, लालबुंद, पाणी सुटलेली सूज होती. मी कॅलिपर तिच्या मानेला लावला. मग लक्षात आले की मी सुई डाव्या बाजूला टोचली होती आणि सूज उजव्या बाजूला होती.

"आप्पा, हे काय?"

"लागली," आप्पा माझी नजर चुकवत म्हणाले. "जरा उशिरा लागली, पर लागली."

"दुसऱ्या बाजूला?"

"आतनं फिरून आली असंल."

मी वाकून वास घेतला. बिब्बा. बिब्ब्याचे तेल कातडीला लागले की ती भाजल्यासारखी सुजते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असते. शाळा बुडवायचा तो जुना खात्रीचा उपाय आहे. आप्पांनी तो गाईला परीक्षा पास करण्यासाठी वापरला होता.

"आप्पा, मुक्या जनावराला बिब्बा लावलात?"

"दोनदा नापास झालेला माणूस हाय मी, मॅडम. निदान गाईनं तरी नाव काढावं."

आप्पा एकटे नव्हते. एकूण चार गाईंना बिब्बा लागला होता. त्यांतल्या दोघींना तर सुईच्या नेमक्या जागी, म्हणजे त्या मालकांचे निरीक्षण आप्पांपेक्षा चांगले होते. चार नोंदी गेल्या. आपल्या जनावराला क्षय आहे असे दिसावे म्हणून लोक धडपडत आहेत, अशी शक्यता माझ्या कोणत्याही संदर्भग्रंथात नमूद नव्हती.

एकोणिसावी गाय मी सर्वांत शेवटी घेतली. सोमवारी सात मिलिमीटर. गुरुवारी एकोणीस. रोगाचा संशय घ्यायला चार मिलिमीटरची वाढसुद्धा पुरेशी मानतात. मी तीनदा मोजले. गाय शांत उभी होती. वहिनी तिच्या कपाळावर कुंकू लावत होत्या.

उरलेल्या बावीस जनावरांत एकही सूज नव्हती. समितीच्या दृष्टीने हे सुंदर होते. पण माझ्या डोळ्यांपुढे प्रश्नावलीतली ती एक चौकट आली, अकराव्या प्रश्नाची, आणि तिच्यात केलेली माझी टापटीप खूण. वहिनींनी आज सकाळीही पेला घेतला असणार. संध्याकाळीही घेतील. आबांना ताबडतोब सांगायला हवे होते, आणि कलमाप्रमाणे, एकांतात.

"आबा, जरा बाजूला येता?"

आबा बाजूला आले. त्यांच्याबरोबर चेअरमन आले, आप्पा आले, हलगीवाले आले आणि फोटो काढणारा आला. आम्ही आणखी बाजूला झालो. गर्दीही तेवढीच सरकली, एखाद्या द्रवासारखी, मधले अंतर कायम राखून.

"मला आबांशी एकट्याशी बोलायचंय."

"बोला की," चेअरमन म्हणाले. "आम्ही कुठं काय म्हणतोय?"

मी आबांना संस्थेच्या कचेरीत नेले आणि दार लावले. चेअरमन आधीच आत बसले होते. कचेरी त्यांचीच होती. खिडकीत सहा चेहरे होते.

"बक्षीस मोठं हाय वाटतं," एक चेहरा म्हणाला. "म्हणून चोरून सांगत्यात."

"आबा, वरून काही आलं तर गावाला विसरू नका," दुसरा म्हणाला.

आबांना इतक्या माणसांनी एकाच वेळी हाक मारण्याची ही बहुधा आयुष्यातली पहिलीच वेळ होती. फेटा बांधून झाला होता. ज्या जमीनवाल्यांच्या पंक्तीला त्यांच्या वडिलांनी शेवटच्या ओळीत जेवण घेतले, ते आज त्यांना खुर्ची देत होते. ते माझ्याकडे पाहून हसले, आणि मी दार उघडले.

मी बाहेर येऊन मार्गदर्शकांना फोन लावला आणि परिस्थिती सांगितली. मग ते म्हणाले, "कलम तुमचंच आहे. मालकाला, एकांतात. त्यात बदल करायचा तर समितीपुढे अर्ज करावा लागेल." एवढे बोलून फोन कटला. नेटवर्क गेले की त्यांनी हसू लपवले, हे मी अजून विचारलेले नाही.

आबांचे घर संस्थेच्या मागेच. स्वयंपाकघरात वहिनी एकट्या होत्या, आणि तीच काय ती गावातली गर्दी नसलेली जागा निघाली. ओट्यावर पितळेची मोठी चरवी आणि पेल्यांच्या रांगा होत्या.

"हे काय?"

"दूध. तिचंच. सकाळचं. आबा म्हणले, कार्यक्रमाला चहा नगं, समद्यांना पैल्या नंबरच्या गाईचं निरसं दूध द्यायचं. लेकरांना आदी."

"वहिनी, हे उकळा. आत्ता."

"का?"

"उकळलेलं बरं असतं."

"ते मी लई ऐकलंय. आबा उकळू देत न्हाईत." त्यांनी हातातला पेला खाली ठेवला. "तुमचा चेहरा का असा झालाय? गाईला काय झालं?"

"ते मी फक्त मालकाला सांगू शकते."

"मालक कोण?"

"कागदावर आबांचं नाव आहे."

"शेण मी काढते. धार मी काढते. ती येते माझ्यामागं. आन् दूध कुणाच्या पोटात जातंय, ते दिसतंयच तुम्हाला." त्या पोटावर हात ठेवून उभ्या होत्या. "पर कागदावर आबा. मग जावा कागदाकडं."

मी गेले. आज विचार करते तेव्हा त्या वाक्यानंतर मी तिथून गेले, हे मला माझ्या कारकिर्दीतले सर्वांत नियमबद्ध आणि सर्वांत मूर्ख पाऊल वाटते. वहिनींनी तो पेला पुन्हा उचलला नाही, एवढे मात्र मी दारातून पाहिले.

मंडपात कार्यक्रम सुरू झाला होता. गाय व्यासपीठाशेजारी उभी राहून शेजारच्या पाहुण्याचा हार खात होती. चेअरमन प्रास्ताविक करत होते.

"आजवर ऊस म्हणलं की दुसरी गावं, कांदा म्हणलं की दुसरी गावं. पर टीबी म्हणलं की आता आपलं गाव!"

टाळ्या.

"आन् हे घडलं कुणामुळं? तर नदीपलीकडच्या, आपल्या दौंडच्या लेकीमुळं. तिनंच ही टीबी गावात आणली!"

आणखी टाळ्या. शाल माझ्या खांद्यावर पडली, नारळ हातात आला. गाईलाही शाल पांघरली गेली. मला आबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसवले. आणि मग आप्पा, पराभव खिलाडूपणे स्वीकारत, दुधाच्या पेल्यांचे ताट घेऊन व्यासपीठावर आले.

"पैला घोट मॅडमचा," चेअरमन म्हणाले. "मॅडम प्याल्या की मग लेकरं, मग बाकीचे. वाजवा रे!"

हलगी सुरू झाली. पेला माझ्या हातात होता. समोर सतरंजीवर पहिल्या रांगेत शाळेची मुले मांडी घालून, पेल्याकडे डोळे लावून बसली होती. हलगीचा आवाज इतका होता की चेअरमनांचे ओठ हलताना दिसत होते, शब्द ऐकू येत नव्हते. माझ्यापासून एक हातावर आबा होते आणि बाकी सगळे दहा हात दूर. म्हणजे सकाळपासून शोधत होते तो एकांत मला मिळाला होता, सबंध गावाच्या डोळ्यांसमोर. मी आबांच्या कानाशी वाकले.

"आबा, ही सूज चांगली नाही. गाईला बहुतेक क्षय आहे. तिचं दूध कुणी प्यायचं नाही. सूनबाईंनी तर मुळीच नाही."

"आँ?"

"गाईला रोग आहे. टीबी. दुधातून माणसाला होतो."

"कशातनं?"

"न उकळलेल्या दुधातनं!"

आबांनी माझ्याकडे पाहिले. मग गाईकडे. मग मंडपाच्या कडेला, बायकांत उभ्या असलेल्या सुनेकडे. मी आयुष्यात अनेक निष्कर्ष सांगितले आहेत, पण ते माणसाच्या चेहऱ्यावर असे पायरी पायरीने उतरताना तेवढे एकदाच पाहिले. ते उठले, हात वर करून त्यांनी हलगी थांबवली, माझ्या हातातला पेला घेतला आणि व्यासपीठाच्या कडेला जाऊन मातीत उपडा केला.

दूध असे ओतणे हे तिथे शिवीपेक्षा वाईट.

"कुणी पिऊ नगा," आबा म्हणाले. त्यांनी माइक घेतला नाही. "ताट माघारी न्या. गाईला रोग हाय. सूज रोगाची हाय. बाईंनी आत्ता सांगितलं."

"आबा, काहीतरी गैरसमज..." चेअरमन पुढे झाले.

"समज काय आन् गैरसमज काय? मेंढरं राखली आमच्या बापानं. एकाला काय लागलं की त्याला आदी येगळं काढायचं. आदी येगळं, मग इचार. आम्हीच ते इसरलो, गाया आल्या आन्." त्यांनी फेटा काढून खुर्चीवर ठेवला आणि गाईचे दावे धरले. गाय हलली नाही. तेव्हा वहिनी पुढे आल्या, त्यांनी दावे हातात घेतले, आणि शाल पांघरलेली गाय त्यांच्यामागून मंडपाबाहेर गेली.

कलमाचा भंग झाला नव्हता. मी निष्कर्ष मालकालाच सांगितला होता, आणि मालकाने तो गावाला.

पुढची काही मिनिटे चर्चेत गेली, आणि ती सर्व मला उद्देशून होती. सुजणे वाईट, तर न सुजणे चांगले का? हो. म्हणजे ज्यांना लागली नाही ते पास? हो, एकूण बावीस. मंडपात हळूहळू वेगळाच आनंद पसरू लागला. सकाळी हिरमुसलेली माणसे एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागली.

"आन् माझी?" आप्पांनी विचारले.

"तुमची सांगता येत नाही. बिब्ब्यामुळे नोंद रद्द. दोन महिन्यांनी पुन्हा टोचावं लागेल."

"पास झालेली गाय मी सोताच्या हातानं नापास केली व्हय!" आप्पांनी कपाळावर हात मारला.

"तिसऱ्यांदा, आप्पा!" मागून कुणीतरी ओरडले.

चेअरमन माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, हार हायेत, हलगी हाय. बावीस मालकांचा सत्कार उरकून घिऊ का?" मी नको म्हणाले नाही. लेकरांना दूध मिळणार नव्हते, त्यांना निदान हलगी मिळाली.

मी आबांच्या घरी गेले. गाय घराच्या पार पलीकडे, शेताच्या कडेच्या बाभळीला बांधलेली होती. बाकीच्या दोन गाई गोठ्यात. आबा ओसरीवर बसले होते आणि वहिनी खांबाला टेकून उभ्या होत्या. परिषदेत मी कथा इथेच थांबवते.

"मी सहा महिने पिलंय ते," वहिनी म्हणाल्या. "दोन्ही वेळा. आता सांगा."

मी सांगितले ते सगळे खरे होते. ही चाचणी अखेरची नसते. गाईची पुन्हा तपासणी होईल. अशा दुधातून प्रत्येकाला रोग होतोच असे नाही. झाला तरी औषधे आहेत, आणि ती गरोदरपणातही घेता येतात. पण त्यांनी यातले काहीच विचारले नव्हते. त्यांना होय किंवा नाही हवे होते, आणि ते माझ्याकडे नव्हते. सोमवारपासून माझ्याकडे होती ती फक्त खूण केलेली चौकट.

"मला ठाऊक नाही," मी शेवटी म्हणाले. "उद्या दवाखान्यात जाऊ. मी येते बरोबर."

"आज न्हाई सांगता येत?"

"आज नाही."

शुक्रवारी सकाळच्या एसटीने आम्ही तिघे दौंडच्या सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर बाई होत्या. ताप, खोकला, वजन, भूक असे सगळे विचारून झाल्यावर त्यांनी वहिनींच्या मानेच्या दोन्ही बाजू बोटांनी हळूहळू चाचपल्या. त्या बोटांकडे मी ज्या नजरेने पाहिले, तसे मी कधी कॅलिपरकडेही पाहिलेले नाही. आज काही दिसत नाही, असे डॉक्टर म्हणाल्या. रक्ताच्या आणि थुंकीच्या तपासण्या होतील, दर महिन्याला यायचे, आणि कुठल्याही गाईचे दूध असो, उकळल्याशिवाय घरात कुणी थेंब घ्यायचा नाही. आबा बाहेरच्या बाकावर बसून होते. त्यांना मी हे सगळे सांगितले. शेजारी आणखी पाच माणसे ऐकत होती. या वेळी मी ती मोजली, पण थांबले नाही.

समितीपुढे मी तेवीस नोंदी ठेवल्या. वगळलेल्या चारांपुढे 'स्थानिक प्रक्षोभक पदार्थाचा वापर' असे लिहिले. एका सदस्याने मालकांचा त्यामागचा हेतू विचारला. 'गुणवत्ता,' असे मी उत्तर दिले आणि त्यांना ते पटले. मुदतवाढ मिळाली.

पण त्या शुक्रवारी आम्ही परतलो तेव्हा यातले काही ठरलेले नव्हते. संध्याकाळची धार काढून झाली, चांगल्या दोन गाईंची. वहिनींनी पातेले चुलीवर चढवले. एकदा दूध वर आले, त्यांनी फुंकर घातली. दुसऱ्यांदा आले. आबा उंबऱ्यात उभे राहून जणू घरातली एखादी वस्तू जळताना पाहावी तसे पाहत होते. तिसऱ्या उकळीनंतर वहिनींनी पेला भरला आणि नेहमीच्या सवयीने स्वतःच्या तोंडाकडे नेला.

"थांब," आबा म्हणाले. "आन हिकडं."

त्यांनी पेला घेतला. दूध फार गरम होते, तरी त्यांनी ते थांबत थांबत, तोंड वाकडे करत, तळापर्यंत संपवले.

"काय न्हाई ह्याच्यात," ते म्हणाले. "पाणी हाय नुसतं."

मग त्यांनी रिकामा पेला स्वतः विसळला, स्वतः भरला आणि दोन्ही हातांनी सुनेपुढे धरला.